युकी नागासातो म्हणजे ‘पुरुषांत खेळलेली बाई’, एवढंच?

बाणेरची_बखर

गेले काही दिवस एक पोस्ट फिरतेय. कॉलेजच्या ग्रुपवर आली, सोसायटीच्या ग्रुपवर आली, काल सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवरूनही आली. मजकूर असा: ‘जपानची रणरागिणी युकी नागासातो! थेट पुरुषांच्या फुटबॉल संघात उतरली! तिच्या कारकिर्दीतली ही सर्वोच्च झेप. स्त्रीने ठरवलं तर ती पुरुषांच्याही बरोबरीने उभी राहू शकते.’ खाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात.

‘रणरागिणी’ वाचलं की माझं डोकं तसंही उठतं. पण इथे राग वेगळ्याचा आहे. ‘सर्वोच्च झेप’ म्हणे!

ज्या संघाबद्दल हे कौतुक चाललंय तो हायाबुसा इलेव्हन. तेव्हा जपानातल्या कानागावा प्रांताच्या लीगमध्ये, तेही दुसऱ्या विभागात खेळणारा हौशी संघ. तिचा भाऊ गेंकी तिथे खेळत होता, गाव घरचंच, आत्सुगी. २०२० च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या शिकागोच्या संघाकडून लोनवर, म्हणजे काही काळापुरती उसनी, ती तिथे गेली. अमेरिकेची फुटबॉलपटू मेगन रॅपिनो हिला बोलताना पाहून आपणही काही करावंसं वाटलं, असं तिने सांगितलं होतं. छान केलं, मला आवडलं. पण ही झेप असेल तर त्याआधीची दहा वर्षं ती काय करत होती? लंगडी घालत होती?

२०१० मध्ये टुर्बिने पोट्सडाम या जर्मन क्लबकडून युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. गेताफेला फायनल, समोर फ्रान्सचा लियाँ, गोलफलक कोरा, पेनल्टीवर ७-६. त्याच पोट्सडामकडून २०१०, ११, १२ असे लागोपाठ तीन वेळा जर्मन लीगचं जेतेपद. २०१२-१३ ला १८ गोल मारून जर्मन लीगची टॉप स्कोअरर. जर्मन लीगची! जिथे त्या काळी जगातल्या निम्म्या चांगल्या बचावपटू खेळत होत्या. मग चेल्सी, वोल्फ्सबुर्ग, फ्रँकफुर्ट, शिकागो, मध्ये ब्रिस्बेन. जपानसाठी १३२ सामन्यांत ५८ गोल, तिच्यापुढे फक्त होमारे सावा. आणि तिशी उलटल्यावर, २०१९ ला शिकागोत, संघातल्या सॅम करने १८ गोल ठोकले तेव्हा मागून पास पुरवणारी हीच. स्वतःचे ८ गोल, ८ असिस्ट. गोल मारणारी बाई बत्तिसाव्या वर्षी गोल घडवणारी झाली, ही झेप नाही का?

हे सगळं बायकांच्या फुटबॉलमध्ये केलं म्हणून ते मोजायचं नाही. आणि प्रांतिक लीगमधल्या हौशी पुरुषांशेजारी उभी राहिली की ती ‘बरोबरीची’! या पोस्टचा खरा अर्थ एवढाच होतो की पुरुषांचा सगळ्यात खालचा संघही बायकांच्या सगळ्यात वरच्या संघाच्या वर. आणि हे कौतुक म्हणून पाठवणाऱ्या आपल्याच बायका.

असो. चिडून लिहिलंय, चिडूनच वाचा.

नऊ_नंबर_कोल्हापूर

ताई, यादी झकास, पाठांतर जोरात. पण एक सांगू का? फॉरवर्डला, म्हणजे पुढे राहून गोल मारणाऱ्या खेळाडूला, जग यादीवरून ओळखत नाही, मोक्याच्या क्षणी काय केलं त्यावरून ओळखतं.

२०११ चा वर्ल्ड कप घ्या. न्यूझीलंडविरुद्ध सहाव्या मिनिटाला गोल, मान्य. नंतर? मेक्सिकोला ४-० हाणलं त्यात सावाची हॅटट्रिक, हिचा एक नाही. इंग्लंडकडून ०-२ हार. क्वार्टर फायनलला जर्मनीविरुद्ध कोच सासाकींनी हाफटाइमलाच हिला बाहेर काढलं, हिच्या जागी मारुयामा आली आणि तिनेच १०८ व्या मिनिटाला गोल मारून यजमानांना घरी बसवलं. सेमीला स्वीडनविरुद्ध हिच्या जागी कावासुमी पहिल्यापासून खेळली, दोन गोल. म्हणजे ही बाहेर गेली की जपान जिंकतंय, असा हिशोब झाला! फायनलला उतरवली तर पेनल्टी अमेरिकेची गोलकीपर होप सोलोच्या हातात. मियामाने मारली, साकागुचीने मारली, कुमागाईने मारली. चुकली ती एकच, ती हिचीच.

मी स्वतः पेठेच्या संघात फॉरवर्डचा नऊ नंबर घालून खेळलोय. आमच्याकडे मोक्याची पेनल्टी घालवणाऱ्याला गल्लीत चहा मिळत नाही.

बाणेरची_बखर

दादा, अर्धाच पिक्चर पाहून उठलात. २०१२ लंडन ऑलिंपिक: क्वार्टरला ब्राझीलविरुद्ध गोल कोणाचा? सेमीला फ्रान्सविरुद्ध? वेम्बलीला ८० हजार माणसांसमोर फायनलमध्ये अमेरिकेविरुद्ध जपानचा एकमेव गोल? तिन्ही हिचे. २०१५ वर्ल्ड कप फायनल, व्हँकुव्हर. पंधराच मिनिटं झालीत आणि अमेरिका ४-० पुढे, कार्ली लॉइड अंगात आल्यासारखी खेळतेय. तेव्हा २७ व्या मिनिटाला वळून गोल मारणारी कोण? (तेव्हा ओगिमी नावाने खेळायची, म्हणून कदाचित सापडली नसेल तुम्हाला.) जपानचा दुसरा गोल तर अमेरिकेनेच स्वतःच्या जाळ्यात घातला.

हरलेल्या दोन्ही फायनलमध्ये हिचा गोल. जिंकलेल्या एकीत हिची पेनल्टी चुकली. आणि आपण लक्षात काय ठेवतो? पेनल्टी.

आकडेमोड

५८ गोल ऐकायला बरे वाटतात. पण आशियाई स्पर्धांमध्ये जपान समोरच्याला सात-सात, आठ-आठ घालतं. त्या गोलांना किती वजन द्यायचं? आशियातले गोल वजा करून कोणी यादी मांडली तर बोलता येईल.

बाणेरची_बखर

जर्मन लीगचे १८ गोल आशियात झाले होते का?

आकडेमोड

मी राष्ट्रीय संघाबद्दल बोलतोय. विषय बदलू नका.

माइनकाठचा_नाना

मी २०११ ची फायनल फ्रँकफुर्टात मैदानात बसून पाहिलीय, म्हणून तोंड उघडतो. तिकीट ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याने दिलं. जर्मनी बाद झाल्यावर त्याचा रसच संपला होता, म्हणाला घे, मला ते बघवणार नाही.

नऊ नंबरसाहेब, तुमचा स्कोअरकार्ड बरोबर आहे, वाचन चुकलंय. सासाकींना पुढच्या दोघींनी बचावाची सुरुवात करायला हवी होती, समोरच्या बचावपटूला एका कडेला रेटत नेणारी फॉरवर्ड. त्या वेळची नागासातो तशी नव्हती. ती बॉक्समध्ये गोलकडे पाठ करून उभी राहणारी, चेंडू अंगावर घेऊन वळणारी. कावासुमी धावायची. म्हणून कावासुमी. यात अपमान काही नाही, प्रत्येक गड्याचं काम वेगळं असतं.

मला मोठी गोष्ट त्यानंतरची वाटते. त्या स्पर्धेत बाकावर बसलेली खेळाडू पुढच्याच वर्षी ऑलिंपिकच्या तिन्ही बाद फेऱ्यांमध्ये गोल मारते. तेही कोच तोच, पद्धत तीच असताना. म्हणजे तिने स्वतःत काहीतरी बदललं.

आणि ती पेनल्टी. मी त्याच गोलमागे, थोडा डावीकडे होतो. भोवती सगळे अमेरिकन, तोंडं रंगवलेले. त्यांच्या आधीच तिघी हुकल्या होत्या की हिची आधी, हे गोंधळात कोणालाच धड कळत नव्हतं. शेवटी कुमागाईने वरच्या कोपऱ्यात मारली आणि क्षणभर कळेचना की संपलं. मार्चमधल्या त्सुनामीनंतर जगाने मदत केली म्हणून आभाराचा मोठा फलक घेऊन ह्या मुली प्रत्येक सामन्यानंतर मैदानाला फेरी मारायच्या. मी काही रडणारा माणूस नाही. पुढचं लिहीत नाही.

गोदाकाठची_आई

सगळ्यांचं आकडेशास्त्र चालू द्या, मला मूळ पोस्टबद्दल उलटं बोलायचंय. धागाकर्तीला ‘पुरुषांच्या संघात खेळली’ हे क्षुल्लक वाटतंय, कारण तिच्या घरी फुटबॉल खेळणारी मुलगी नसावी.

माझी आहे. नाशकात. सहावीपर्यंत मुलांबरोबर खेळली, संघात तिसरी-चौथी निवड असायची, कोणी मेहरबानी केली नाही. सातवीत सरांनी बोलावून सांगितलं, ‘मॅडम, आता तिला बॅडमिंटनला घाला.’ का? तर ‘मोठी झाली.’ मुलींचा वेगळा संघ काढता का? ‘संख्या नाही.’ संख्या कशी होणार, एकेकीला असंच बॅडमिंटनला पाठवलं तर? शेवटी ती वडिलांबरोबर रविवारी मोकळ्या प्लॉटवर खेळायची. तोही प्लॉट आता बिल्डरने घेतला.

त्यामुळे जगातली एक नावाजलेली बाई उघड सांगते की मला पुरुषांबरोबर खेळायचंय आणि क्लब तिला घेतो, हे माझ्यासाठी मोठं आहे. त्यांची लीग कितवी का असेना. माझ्या मुलीने ती बातमी कापून कपाटाच्या दारावर लावलीय. चॅम्पियन्स लीगची नाही, हीच.

नऊ_नंबर_कोल्हापूर

आई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आता कोचची बाजूही ऐका. मी संध्याकाळी पोरांना शिकवतो, पैसे घेत नाही. दोन मुली होत्या. तेरा-चौदाच्या वयात पोरांच्या अंगात ताकद येते, टॅकल कडक होतो. एकीच्या घोट्याला लागलं. तिचे काका दारात येऊन उभे. ‘मुलीच्या अंगाला पोरं धक्के मारतात आणि तुम्ही बघत बसता?’ मुलाला लागलं असतं तर काका आले असते का? नाही. मग सांगा, मी काय करू? बॅडमिंटनला पाठवणारा तो सर नालायक नसेल, घाबरलेला असेल.

गोदाकाठची_आई

घाबरलेला सर खुर्चीत आणि माझी मुलगी बाहेर. फार न्यायाचं आहे. तुमच्या दोघींचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीत.

नऊ_नंबर_कोल्हापूर

एकीचं लग्न झालं. दुसरी कबड्डी खेळते.

गोदाकाठची_आई

वा! म्हणजे तुम्हीही बॅडमिंटनलाच पाठवलंत, फक्त मराठी खेळ निवडलात.

रंकाळ्याचा_वारा

आई, कोल्हापूरबद्दल जपून. तिकीट काढून हजारो माणसं तालीम संघांचा सामना बघायला येतात, असं गाव महाराष्ट्रात दुसरं दाखवा.

गोदाकाठची_आई

त्या हजारोंत बायका किती असतात? आणि मैदानावर किती? हुल्लडबाजी झाली की सामने बंद पडतात, त्या बातम्या आमच्याकडेही येतात हो.

रंकाळ्याचा_वारा

आता हे मध्येच कुठून आलं? नाशिकने फुटबॉलला काय दिलं ते आधी सांगा.

खवचट_खारीक

नाशिकने द्राक्षं दिली. पुढे चला.

माइनकाठचा_नाना

जरा जपानकडे वळू. आई म्हणतायत ती अडचण तिथेही तीच होती आणि बरीचशी अजून आहे. सावाने सुरुवात भावाच्या क्लबात मुलांबरोबर केली. नागासातोही भावाच्या मागेच खेळात आली. प्राथमिक शाळेत मुली मुलांबरोबर खेळतात, माध्यमिक शाळेत गेल्या की मुलींचा संघच मिळत नाही आणि तिथेच गळती लागते, हे जपानी लोक स्वतःच सांगतात. ज्या मुली त्या काळात टिकतात त्यांना तोक्योच्या बेलेझासारखा मुलींचा क्लब जवळ असतो. नागासातोला तो मिळाला. तोक्यो हाताच्या अंतरावर होतं म्हणून.

आणि टिकल्यावर तरी काय? २०११ ला जग जिंकलेल्या संघातल्या अनेकजणी दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव अशा होत्या. संपूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली ती २०२१ मध्ये, वर्ल्ड कपनंतर दहा वर्षांनी. ती जर्मनीला का गेली, याचं अर्धं उत्तर यातच आहे.

खवचट_खारीक

विमानाचं कोणी बोलत नाही का? २०१२ ला लंडनला जाताना जपानचे पुरुष बिझनेस क्लासमध्ये, जगज्जेत्या बायका मागे इकॉनॉमीत. एकाच विमानात. सावाने म्हणून दाखवलं की खरं तर उलट हवं होतं. पुरुष चौथे आले. बायका रौप्य घेऊन आल्या, तेव्हा परतीला बिझनेस क्लास मिळाला. म्हणजे आधी मेडल आणा, मग पाय लांब करा. हलके घ्या.

आकडेमोड

जाताना प्रीमियम इकॉनॉमी होती. साधी इकॉनॉमी नाही.

खवचट_खारीक

धन्यवाद. आता अन्याय प्रीमियम झाला.

बाणेरची_बखर

गोदाकाठच्या आई, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. पण तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. ती मुलांच्या संघात खेळली कारण मुलींचा संघ नव्हता. नागासातो गेली ती निवडून गेली, हातात चॅम्पियन्स लीगचं मेडल असताना. ह्या दोन गोष्टींना एकाच फुलाच्या इमोजीखाली बांधू नका. तुमच्या मुलीला पुरुषांचा संघ नकोय, चांगला संघ हवाय.

गोदाकाठची_आई

माझ्या मुलीला काय हवंय ते तुम्ही मला सांगणार? तिला त्याच पोरांबरोबर खेळायचं होतं. तिचे मित्र होते ते. तिचा खेळ त्यांना ठाऊक होता. वेगळा संघ हा तुमचा तोडगा आहे, तिचा नाही. इकडे सगळ्यांना तिच्यावर मत द्यायचंय, सरांपासून तुमच्यापर्यंत.

बाणेरची_बखर

मी मत दिलं नाही, तुमचाच मजकूर वाचून दाखवला.

गोदाकाठची_आई

बाणेरात बसून बरं वाचता येतं.

बाणेरची_बखर

बाणेर काढलंच आहे तर ऐका. २०२२ च्या जानेवारीत आशियाई चषक आपल्या महाराष्ट्रात होता. मुंबई, नवी मुंबई, पुणे. जपानचे साखळी सामने बालेवाडीत. माझ्या घरापासून स्कूटरवर किती लागतं ते लिहीत नाही, माझाच जीव जळतो. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. आपला संघ तर खेळाडूच उरले नाहीत म्हणून चायनीज तैपेईविरुद्ध उतरलाच नाही आणि स्पर्धेतून बाद. सेमी फायनल बालेवाडीत, जपान विरुद्ध चीन, २-२, रिको उएकीचे दोन गोल, जादा वेळेत ११९ व्या मिनिटाला चीनची बरोबरी, पेनल्टीवर जपान बाहेर. मी गॅलरीत उभी, स्टेडियमचे दिवे दिसतायत आणि सामना फोनवर बघतेय.  तेव्हा ‘बाणेरात बसून’ मला सगळं मिळतं असं समजू नका.

रंकाळ्याचा_वारा

जपान बालेवाडीत खेळून गेलं? कधी? पेपरात आलं होतं?

बाणेरची_बखर

बघा. आणि हे हजारोंनी सामने बघणारं गाव.

संपादक

गावं, पेठा आणि कोणाच्या मुलाबाळांवरचे शेरे आवरते घ्या. दोन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांचे उडाले त्यांना कारण माहीत आहे.

नऊ_नंबर_कोल्हापूर

माझा एक उडाला. त्यात शिवी नव्हती, म्हण होती. जाऊ दे.

काल रात्री २०१२ ची फायनल शोधून पाहिली, कारण नानांनी ‘वाचन चुकलं’ म्हटलेलं मनात सलत होतं. हिचा गोल गर्दीतला आहे. गोललाइनजवळ झटापट, चेंडू अडकलेला, ही शेवटचा पाय लावते. नेत्रदीपक वगैरे काही नाही. पण नऊ नंबरचं काम तेच असतं, तिथे असणं. तेवढं देतो. दोन हरलेल्या फायनलमध्ये गोल, मान्य. मोठी खेळाडू, मान्य. पेनल्टी चुकली तीही मान्य करा, मग हिशोब मिटला.

बाणेरची_बखर

चुकली हे मी कधी नाकारलं? उपकार झाले. गल्लीत चहा मिळेल का आता तिला?

नऊ_नंबर_कोल्हापूर

अर्धा कप.

माइनकाठचा_नाना

बखरताई, एक टोचणी तुम्हालाही. तुम्ही हायाबुसाचा भाग ‘घरचंच गाव’ म्हणून उडवलात. ३३ व्या वर्षी, दुखापती झालेल्या शरीरानिशी, तिला अंगाने जड आणि वेगाने पुढे असलेल्या माणसांत जाऊन जागा शोधायची होती. वेग कमी पडला की आधी विचार करावा लागतो. ती शिकागोत पास देणारी झाली तो स्वभाव आणि हा प्रयोग, दोन्ही मला एकाच डोक्यातून आलेले दिसतात. पोस्ट भंपक आहे, प्रयोग भंपक नव्हता.

बाणेरची_बखर

प्रयोगाला मी भंपक म्हटलंच नाही. ‘सर्वोच्च’ला म्हटलं. पण बरं, ‘घरचंच गाव’ जरा तुच्छतेने लिहिलं गेलं, तेवढं घ्या पदरात.

लिमये_काकू

मी फुटबॉल बघत नाही. पण आपल्याकडची कोणी तिकडे गेलीय का हो, त्या चॅम्पियन्स लीगला?

माइनकाठचा_नाना

गेली, काकू. मनीषा कल्याण, पंजाबची. सायप्रसच्या अपोलॉनकडून २०२२ मध्ये खेळली, पहिली भारतीय. नागासातोने ती स्पर्धा जिंकली त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

गोदाकाठची_आई

आता कोणीतरी लिहा की तीही लहानपणी गावात मुलांबरोबरच खेळायची. मी वाट बघतेय.

बाणेरची_बखर

तुम्हीच लिहिलंत ना.

आकडेमोड

आशियाई गोल वजा केलेली यादी अजून कोणी दिलेली नाही. शिवाय पोट्सडामची पेनल्टी ७-६ असेल तर तिकडेही बऱ्याचजणी चुकल्या असणार, त्यांना कोणी का धरत नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

खवचट_खारीक

वेगळा प्रश्न असेल तर वेगळा धागा काढा. शीर्षक मी सुचवतो: ‘सावा श्रेष्ठ की मियामा?’ दोनशे प्रतिसाद नक्की.

नऊ_नंबर_कोल्हापूर

त्यात वाद कसला? मियामा.

माइनकाठचा_नाना

मियामा?! २०११ च्या फायनलला ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर पायाच्या बाहेरच्या बाजूने बरोबरी कोणी केली होती?

नऊ_नंबर_कोल्हापूर

आणि तो कॉर्नर कोणी मारला होता, नाना?